न जन्मलेल्या झिपरू आबांच्या दहा गोष्टी

आमच्या रावेर तालुक्यात लोककथा कुठून येतात, असं जळगावच्या कॉलेजात विचारलंत तर प्राध्यापक मंडळी पूर्वजांचं नाव घेतील, मौखिक परंपरा म्हणतील, एखादा तापीच्या उगमापर्यंत जाईल. एवढं लांब जायची गरज नाही. त्या माझ्या ओट्यावरून येतात.

त्याचं असं आहे. एम. ए. मराठीच्या पोरांना दुसऱ्या वर्षाला एक प्रकल्प असतो. खेड्यातला एक म्हातारा धरायचा, त्याच्याकडून दहा लोककथा उतरवून घ्यायच्या, वहीत त्याचं नाव, वय, गाव लिहायचं आणि फोटो चिकटवायचा. अशा धरलेल्या म्हाताऱ्याला 'माहितीदाता' म्हणतात. बावीस वर्षं मी या भागाचा माहितीदाता होतो. पोरं फाट्यावर उतरून कुणालाही विचारायची आणि लोक म्हणायचे, सुपडू नानांकडे जा, त्यांना दुसरं काम नाही.

आता या गोष्टी मला आजोबांनी सांगितल्या असतील असं तुम्हाला वाटेल. माझे आजोबा फक्त बैलांशी बोलायचे, आणि तेही शिव्या. सगळ्या गोष्टी मी तिथल्या तिथे बनवल्या. सावद्याच्या स्टेशनात केळीचा एक घड एवढा मोठा आला की मालगाडीच्या दोन वाघिणींवर आडवा टाकून मागे लाल फडकं बांधावं लागलं, ही माझी. भुसावळात एका उन्हाळ्यात सावल्या घरात शिरून बसल्या, संध्याकाळपर्यंत बाहेर यायला तयार होईनात, माणसं बिनसावलीची बाजार करून आली, हीही माझी. तापीतल्या मगरीला मोतीबिंदू झाला आणि ती नावेलाच नवरा समजून संसार करू लागली, या गोष्टीवर तर एका सरांनी बारा पानांचा लेख लिहिला. तिच्यात त्यांना मातृसत्ताक समाजाचे अवशेष सापडले. मी म्हटलं, सापडू द्या.

पण अट असायची. पैसे कधी घेतले नाहीत, अट हुंकाऱ्याची. सांगणारा एक वाक्य टाकतो, ऐकणाऱ्यानं 'हुं' म्हणायचं, मग पुढचं वाक्य. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली. ही रीत माझी नाही, ती खरोखर जुनी आहे. तिला मी शेपूट एवढंच जोडलं की मध्येच कुठेतरी मी गोष्टीत न बसणारी थाप घालणार, आणि त्या थापेवर जो बेसावधपणे 'हुं' म्हणेल त्याला गोष्ट पहिल्यापासून. एका पोरीला मगरीची गोष्ट अकरा वेळा ऐकावी लागली. बाराव्या खेपेला तिनं मला अडवलं. म्हणाली, "नाना, मगर पुराबरोबर वाहत चालली होती. मग ती उगवतीला कशी पोचली? तापी मावळतीला वाहते. काय ते एक ठरवा." मगरीनं नावेशी लग्न केलं याला तिची हरकत नव्हती. गोष्टीतलं खोटं आणि गोष्टीशी खोटं, यातला फरक तिला कळला होता. तो कळायला कुणाला दोन दिवस लागायचे, कुणाला चार. तोवर पोरं शेंगा फोडत बसायची, घरी जायचं नाव काढता यायचं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी पोरं यायची एकदम बंद झाली. पहिलं वर्ष मला वाटलं, परीक्षा पुढे गेली असेल. दुसऱ्या वर्षी शंका आली की आपण वारलो आहोत आणि घरच्यांनी आपल्याला कळवायचं टाळलं आहे. रोज सकाळी पेपरातल्या निधनवार्ता चष्मा लावून बघायचो.

अशात डिसेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी हितेंद्र आला. हा आमच्याच गल्लीतला, लताबाईंचा मुलगा. घरची सहा हजार खोडं केळी. माझ्या ओट्यापासून चाळीस पावलांवर राहतो, पण एम. ए. ला गेल्यापासून ही चाळीस पावलं त्यानं टाकली नव्हती. चेहरा उतरलेला. त्यानं रंगीत पुठ्ठ्याच्या वहीची आपल्याकडची प्रत माझ्यापुढे ठेवली आणि पहिल्या पानावर बोट ठेवून वाचून दाखवलं: माहितीदाता, झिपरू आबा. वय सत्त्याण्णव. व्यवसाय, पारंपरिक कथाकथन. गाव आमचंच.

गावातले जिवंत आणि मेलेले सगळे मला ठाऊक आहेत. हा कुठल्याच यादीत नव्हता. खाली फोटो होता. पागोटं राजस्थानी, मिशा पंजाबी, आणि डोळ्यांत एवढी माया की आमच्या गावात कुणी कुणाकडे तसं पाहिल्याचं माझ्या तरी स्मरणात नाही.

हळूहळू त्यानं सगळं ओकून टाकलं. झिपरू आबांना फोननं जन्माला घातलं होतं. आबांच्या दहा गोष्टी फोनच्या, त्यांचे अर्थ फोनचे, आणि 'मी आबांच्या चरणांशी बसून हे अमृत वेचले' ही प्रस्तावनाही फोनची. अर्ध्याहून जास्त वर्गानं हेच केलं होतं. हा मात्र अडकला, कारण त्याची वही तपासायला धुळ्याहून येणाऱ्या नसीम मॅडमकडे गेली. मॅडमनी निरोप पाठवला की तोंडी परीक्षेला माहितीदाता सोबत आणावा. यानं पुन्हा फोनलाच सांगितलं, आबा वयामुळे प्रवास करू शकत नाहीत असा अर्ज लिही. फोननं तो इतका हळवा लिहिला, 'आता आबांचा प्रत्येक श्वास हीच एक कथा' वगैरे, की मॅडमनी उलट कळवलं, मग त्यांना कशाला त्रास, रविवारी मीच गावात येते.

माहितीदाता सापडला नाही तर प्रकल्प रद्द, आणि प्रकल्पासोबत वर्षही. आणि वडिलांनी आधीच बजावलं होतं: नापास झालास तर पुढचं शिकणं विसर.

"नाना," तो म्हणाला, "रविवारी दोन तास झिपरू आबा व्हाल का?"

मी त्याला हाकलायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण दोन वर्षांत मला कुणी खोटं बोलायला बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, होतो. फक्त आबांच्या गोष्टी मला पाठ हव्यात आणि बारीक अक्षर मला दिसत नाही. तू वाच, हुंकारा मी देतो.

तो वाचायला बसला. काय सांगू तुम्हाला त्या गोष्टी. सगळ्यांत शेतकरी शहाणा, प्राणी समजूतदार, आणि शेवटी सगळे मिळून एकीचं महत्त्व ओळखतात. एकही माणूस शिंकत नाही, कुणी कुणाच्या बायकोकडे बघत नाही, कुणाच्या धोतराला ठिगळ नाही. चौथ्या गोष्टीत मगर शेतकऱ्याच्या मागे लागते, आणि शेतकरी जीव वाचवायला चटकन केळीवर चढतो.

मी गप्प बसलो. हितेंद्रनं ते वाक्य पुन्हा वाचलं. मी गप्पच. तो म्हणाला, हुं म्हणा ना नाना. मी म्हटलं, तू चढून दाखव, मी म्हणतो. तो म्हणाला, आता लिहिलंय तर लिहिलंय. तरी मी त्याला उठवलं आणि त्याच्याच बापाच्या मळ्यात नेलं. पोरगा बावीस वर्षांचा, केळीत वाढलेला, तरी पायातल्या चपला काढून त्यानं खोडाला मिठी मारली. दोन हात वर सरकला असेल नसेल, खोड घडासकट आडवं झालं, वर हा. लताबाईंनी संध्याकाळी विचारलं तर सांगितलं, वारा आला होता.

ओट्यावर परत येऊन त्यानं रागानं फोनला विचारलं, केळीवर माणूस चढतो का? फोन म्हणाला, तुमचं अगदी बरोबर आहे, चुकीबद्दल क्षमस्व. आणि लगेच शेतकऱ्याच्या हातात शिडी दिली. शिडी केळीलाच टेकवलेली. हितेंद्र म्हणाला, केळीला शिडी टेकत नाही. फोन म्हणाला, उत्तम निरीक्षण, आणि शेतकऱ्याला वडावर बसवला.

मला ते बघवेना. फोन माझ्याकडे घेतला आणि त्याला म्हटलं, आमच्याकडे मगरी दर पोळ्याला पागोटं बांधून मिरवणुकीत येतात, तुला माहीत आहे का? तो म्हणाला, होय, खान्देशातली ही सुंदर प्रथा निसर्ग आणि मानव यांचं नातं दाखवते. मी म्हटलं, थापा मारतोय मी. म्हणाला, क्षमस्व, अशी कोणतीही प्रथा नाही. मी म्हटलं, आहे. म्हणाला, आपलं बरोबर आहे.

तासभर मी त्याला असा नाचवला. पहिल्यांदा मजा वाटली, असा हुंकारा देणारा मला जन्मात भेटला नव्हता. मग शिसारी आली. मी पन्नास वर्षं खोटं बोलतोय, एकदाही माघार घेतलेली नाही. मगरीच्या मोतीबिंदूबद्दल कोर्टात उभं केलं तरी मी डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव सांगेन. आणि याला नुसतं हटकलं की हा पाया पडतो. हितेंद्रला म्हटलं, अरे, तुम्ही माझ्यासारख्या इमानदार खोटारड्याला सोडून या लाचाराकडे गेलात?

तो हसला नाही. वही उघडून पुन्हा वाचायला लागला. शुक्रवारी दिवसभर वाचलं. सहाव्या गोष्टीत मी दोनदा अडवलं, आठवीत एकदा. शनिवारी नववी चालू असताना मी हुंकारा द्यायला तोंड उघडलं तर तोच थांबला. म्हणाला, नाना, हा म्हातारा मागच्या पानावर आंधळा होता, आता चांदण्या मोजतोय. मी म्हटलं, मग? त्यानं वही उलटून पहिलं पान काढलं. मग म्हणाला, "मी ही वही छापून घेतली, बांधून घेतली, सही करून दिली. वाचली आज."

रविवारी नसीम मॅडम आल्या. पंचेचाळिशीच्या असतील, खांद्याला पिशवी, चालणं झपाझप. त्यांच्यासाठी लताबाईंनी मळ्यात भरीत केलं होतं. कपाशीच्या सुकलेल्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. सुपडू नानांना आज सगळे आबा का म्हणतात, हे लताबाईंना कळेना. हितेंद्रनं सांगितलं, कॉलेजची पद्धत आहे. मी पुतण्याच्या लग्नातलं पागोटं बांधून, पाठ वाकवून, खोकत बसलो होतो. सत्त्याण्णव म्हणजे काय गंमत नाही.

मॅडमनी विचारलं, आबा, तुम्हाला कोणकोणते पूर आठवतात? मी सात सांगितले. त्यातले दोन अजून यायचे आहेत. त्या ऐकत होत्या, जेवत होत्या. दुसऱ्यांदा भरीत घेतलं आणि म्हणाल्या, आबा थकले असतील. हितेंद्र, गोष्ट तू सांग. चौथी. हुंकारा मी देते.

धुळ्याच्या बाईंना हुंकाऱ्याची रीत माहीत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

हितेंद्रनं सुरुवात केली. तापीकाठी एक शेतकरी होता. हुं. एक दिवस मगर त्याच्या मागे लागली. हुं. शेतकरी पळत मळ्यात आला. हुं. शेतकरी केळीवर चढला.

मॅडमनी भाकरीचा तुकडा मोडला आणि भरितात बुडवला. हुं आलं नाही. हितेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. आता शिष्य बुडत असताना गुरूनं गप्प बसायचं का? मी पाठ ताठ केली आणि सांगितलं, माझ्या लहानपणी केळीला सागासारखं लाकूड यायचं, तिच्या खांबांवर आमच्या मारुतीचं देऊळ उभं आहे, इंग्रजांनी कर लावला म्हणून ती जात बुडाली. आयुष्यातली उत्तम थाप होती ती. मॅडम म्हणाल्या, "आबा, तुमच्या गोष्टीला हुंकारा नंतर देते. आता याची चालू आहे."

 

"केळीवर चढता येत नाही मॅडम," हितेंद्र म्हणाला. "मी गुरुवारी चढून पाहिलं. खोड पडलं. आई, ते वाऱ्यानं नव्हतं पडलं."

मग सगळंच सांगितलं. झिपरू आबा कुणी नाहीत. हे सुपडू नाना, वय चौऱ्याहत्तर. गोष्टी फोनच्या, प्रस्तावना फोनची, तो अर्जसुद्धा. लताबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. मी पागोटं उतरवून मांडीवर घेतलं. वय सांगायची खरं तर गरज नव्हती.

मॅडमना धक्का वगैरे काही बसला नाही. म्हणाल्या, "माझ्याकडे वीस वह्या आल्यात. त्यातल्या चौदा वह्यांत मगर शेवटी माफी मागते. एवढ्या सभ्य मगरी एका नदीत राहत असतील तर पोहायला जायला हरकत नाही." मग माझ्याकडे वळल्या आणि ठसक्यात अहिराणीत विचारलं, "नाना, हाई बठ्ठं खोटं शे?"

मी म्हटलं, सगळं नाही, खोड पडलं तेवढं खरं आहे.

त्यांनी वही मिटली आणि हितेंद्रला म्हणाल्या, वहीत नसलेली एक गोष्ट सांग. कुठलीही. तो म्हणाला, मला येत नाही. त्या म्हणाल्या, मला घाई नाही, भरीत अजून शिल्लक आहे.

तो माती उकरू लागला. मग खाली मान घालूनच बोलू लागला. एक होते झिपरू आबा, ते जन्मलेच नव्हते. हुं. जन्मले नव्हते म्हणून मेलेही नव्हते, असे सत्त्याण्णव वर्षं गावात होते. हुं. एकदा त्यांना वाटलं, आपणही निराधारांची पेन्शन घ्यावी, आपल्याहून निराधार कोण? हुं. तलाठी म्हणाला, जिवंत असल्याचा दाखला आणा. आबा म्हणाले, आधी जन्माचा द्या, मग जिवंत होतो. हुं. तलाठ्यानं अख्खं दप्तर उलटंपालटं केलं, आबा कुठेच नाहीत, पण सातबाऱ्यावर आबांच्या नावानं एक केळीचं खोड निघालं. हुं. आबांना एवढा आनंद झाला की दोन्ही हात खिशात घालून त्यांनी जोरात टाळी वाजवली.

"हुं," मी म्हणालो.

हितेंद्रनं मान वर केली. मॅडमचा हुंकारा आला नव्हता. माझा एकट्याचाच आला होता. लताबाईंनी तोंडाला पदर लावला. मॅडम म्हणाल्या, "नानांसाठी पहिल्यापासून सांग."

बावीस वर्षांत ही वेळ माझ्यावर आली नव्हती. आणि कुणी आणली, तर दोन वर्षं फोनच्या चरणांशी बसलेल्या पोरानं. रागही आला, आणि खोटं कशाला बोलू, वहीतल्या अमृतापेक्षा ते बरंच गोड लागलं.

निकाल मात्र गोड नव्हता. मॅडमनी वहीवर लाल पेनानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. प्रकल्प रद्द. पण गुण कळवायला आठ दिवस आहेत, म्हणाल्या. तेवढ्यात दहा गोष्टी, स्वतःच्या हस्ताक्षरात, श्वास घेणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या, आणि प्रत्येक गोष्टीखाली तू कुठे हुंकारा दिला नाहीस आणि का, ते लिहायचं. नाही जमलं तर वर्ष गेलं असं समज. मग लताबाईंना भरिताची कृती विचारून घेतली आणि साडेचारची बस धरली.

ते आठ दिवस मला महाग पडले. पोरगा सकाळी सातला येऊन बसायचा आणि हुंकाराच द्यायचा नाही. घड दोन वाघिणींवर आडवा, म्हणजे वळणावर काय झालं? सावल्या घरात शिरल्या, तर ज्याला घर नाही त्याच्या सावलीनं काय केलं? मी उत्तरं देता देता घामाघूम. हे प्रश्न मला बावीस वर्षांत पडले नव्हते आणि बारा पानं लिहिणाऱ्या सरांनाही पडले नव्हते. एक एक गोष्ट दुपार ओलांडायची. आठव्या दिवशी दहावी संपली तेव्हा माझा घसा बसला होता आणि त्याच्या बोटांना शाईचे डाग होते.

त्याला शंभरपैकी त्रेपन्न पडले. पास. मॅडमनी शेरा दिला होता की अक्षर वाईट आहे, दोन गोष्टींचे अर्थ ओढूनताणून लावलेत, आणि माहितीदात्यावर फार विश्वास ठेवू नये.

आता तुम्ही म्हणाल, झालं, सुखाचा शेवट. तुम्ही लताबाईंना ओळखत नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्या माझ्या ओट्यावर आल्या. खालच्या गल्लीतला अभिमन हितेंद्रच्याच वर्गात, पण त्याची वही दुसऱ्या परीक्षकाकडे गेली होती. त्याच्या वहीतल्या एकशे दोन वर्षांच्या आजीबाईंना चौऱ्याऐंशी गुण मिळाले होते.

"नाना," लताबाई म्हणाल्या, "तुमच्या नादी लागला नसता तर याले बी तेवढे पडले असते."

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेला हितेंद्र म्हणाला, आई, अभिमनला बोलव आणि त्याच्या वहीतली कुठलीही एक गोष्ट सांगायला सांग. लताबाई सरळ बाई. गेल्या आणि त्याला घेऊन आल्या. अभिमन ओट्यावर बसला. एका गावात एक गरीब शेतकरी होता, म्हणाला. लताबाई म्हणाल्या, हुं. अभिमननं डोकं खाजवलं. म्हणाला, मावशी, बाकीची वहीत आहे, आणि वही कॉलेजात जमा आहे. लताबाई म्हणाल्या, अरे पन त्या शेतकऱ्याचं काय झालं? तो म्हणाला, बघून सांगतो, आणि गेला.

 तो शेतकरी लताबाईंच्या डोक्यात अडकला होता. मग हितेंद्रला म्हणाल्या, तुझ्यातली एक सांग बरं.

त्यानं मगरीची सांगितली. माझीच, पण त्यानं नावेला सासू जोडली होती. लताबाई प्रत्येक वाक्याला हुंकारा देत होत्या आणि दोनदा दिला नाही, तेव्हा त्यानं ते वाक्य दुरुस्त करून घेतलं. शेवटी शेवटी हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पदरानं ते पुसून त्या उठल्या, पायात चपला सरकवल्या.

"गोष्ट चांगली हाये," त्या म्हणाल्या. "पन मार्क त्यालेच जास्त पडले."